पिनांचे ठोके, तीन प्रती

इम्पॅक्ट प्रिंटर म्हणजे ठोका मारून छापणारा प्रिंटर. शाई भरलेली रिबन कागदासमोर धरायची आणि तिच्यावर धातू आपटून शाई कागदावर दाबायची, एवढीच त्याची मूळ युक्ती. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड विद्युतभाराने कागदावर ओढली जाते आणि उष्णतेने चिकटते. इंकजेटमध्ये शाईचे बारीक थेंब उडवले जातात. थर्मल प्रिंटरमध्ये तर शाईच नसते, लेप दिलेला कागद तापून काळा पडतो. या तिन्हींत कागदाला मार बसत नाही. इम्पॅक्ट प्रिंटरमध्ये तो बसतो, आणि या यंत्राचे सगळे गुण व जवळजवळ सगळे दोष त्या मारातूनच निघतात.

हुबळी-धारवाडमध्ये हा प्रिंटर पाहायला संग्रहालयात जावे लागत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग, गोव्याकडून बळ्ळारीला जाणारा रस्ता आणि विजापूरकडून अंकोल्याला उतरणारा रस्ता हे तिन्ही हुबळीत एकमेकांना भेटतात. विजय संकेश्वर यांनी १९७६ मध्ये गदगला सुरू केलेल्या व्हीआरएल या मालवाहतूक कंपनीचा कारभार हुबळी तालुक्यातल्या वरूरहून चालतो. हुबळी आणि धारवाडच्या मधे अमरगोळला बाजार समितीचे मोठे आवार आहे. नैऋत्य रेल्वे २००३ मध्ये स्वतंत्र झाली तेव्हापासून तिचे मुख्यालय हुबळीत आहे. धारवाडला १९७६ पासून मलप्रभा ग्रामीण बँकेचे, आणि २००५ पासून तिला सामावून उभ्या राहिलेल्या कर्नाटक विकास ग्रामीण बँकेचे मुख्य कार्यालय होते. २०२५ मध्ये तीही राज्याच्या एकत्रित ग्रामीण बँकेत विलीन झाली. ट्रान्सपोर्ट, अडत, रेल्वे आणि बँक ही भारतातल्या ठोक्याच्या छपाईची चार मोठी गिऱ्हाइके. ती चारही इथे वीस किलोमीटरच्या पट्ट्यात सापडतात.

या यंत्राचा पूर्वज टाइपरायटर. कळ दाबली की अक्षराचा दांडा उसळून रिबनवर आदळतो, रबरी रुळावरच्या कागदावर अक्षर उमटते आणि रूळ एक घर सरकतो. गोदरेजने १९५५ मध्ये देशी बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याचे उत्पादन चालू ठेवले. कचेरीत आणि कोर्टात टाइपरायटरची किंमत सुबक अक्षरापेक्षा कार्बन पेपरमुळे होती. पातळ कागद आणि कार्बन यांची चळत घालून जोरात टाइप केले की एका बैठकीत चार-पाच प्रती निघत. हाच हिशेब पुढे संगणकाच्या प्रिंटरने उचलला.

संगणकाला जोडलेले सुरुवातीचे इम्पॅक्ट प्रिंटर आख्खे अक्षर छापणारे होते. म्हणजे प्रत्येक अक्षराचा धातूचा किंवा प्लास्टिकचा ठसा आधीच तयार असे. डेझी व्हील प्रिंटरमध्ये एका चकतीच्या पाकळ्यांच्या टोकांवर अक्षरे कोरलेली असत. हवी ती पाकळी वर आली की हातोडी तिच्यावर पडे. अक्षर टाइपरायटरइतके देखणे येई, पण एका सेकंदात जेमतेम काही डझन अक्षरे, आणि चित्र किंवा वेगळी लिपी काढायची सोयच नाही. मोठ्या संगणकांना हा वेग पुरणारा नव्हता. त्यांच्यासाठी लाइन प्रिंटर होते. ड्रम प्रिंटरमध्ये एक जड नळकांडे अखंड फिरत असे आणि त्यावर प्रत्येक रकान्यासाठी सगळी अक्षरे कोरलेली असत. हवे ते अक्षर समोर आले की त्या रकान्याची हातोडी मागून कागदावर आपटे. चेन प्रिंटरमध्ये अक्षरांची साखळी कागदासमोरून आडवी धावे. आयबीएमचा १४०३ हा या प्रकारातला गाजलेला प्रिंटर १९५९ मध्ये आला. त्याच्या साखळीवर २४० ठसे होते, ४८ अक्षरांचा संच पाच वेळा, आणि मिनिटाला ६०० ओळी तो छापत असे. भारतीय रेल्वेच्या कार्यालयांत १९६० च्या दशकात जे आयबीएम १४०१ संगणक आले, ते याच प्रिंटरच्या जोडीने चालणारे.

या दोन रचनांतला एक बारीक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. हातोडी क्षणभर चुकली तर ड्रम प्रिंटरमध्ये अक्षर वर किंवा खाली सरकते आणि ओळ नागमोडी दिसते. चेन प्रिंटरमध्ये तीच चूक अक्षराला डावी-उजवीकडे ढकलते. दोन अक्षरांमधले कमीजास्त अंतर डोळ्याला खुपत नाही, वाकडी ओळ मात्र लगेच खुपते. चूक तेवढीच, पण चेन प्रिंटरचे पान नीटस वाटते.

आज ज्याला इम्पॅक्ट प्रिंटर म्हटले जाते तो बहुतेक वेळा डॉट मॅट्रिक्स असतो. जपानच्या ओकी कंपनीचा वायरडॉट १९६८ मध्ये आला आणि अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्सचा मॉडेल १०१ हा १९७० मध्ये. १९८० च्या एप्सन एमएक्स-८० ने हे यंत्र टेबलावर बसेल एवढे लहान आणि दुकानदाराला झेपेल एवढे स्वस्त केले. भारतात विप्रोने म्हैसूरला, टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सने तुमकूरला असे प्रिंटर बनवले, त्यामुळे हुबळीच्या बाजारात मिळणारे बरेचसे डॉट मॅट्रिक्स कर्नाटकातच जुळलेले असत. राजस्थानात उदयपूरच्या लिपी डेटा सिस्टिम्सने मोठ्या वेगाचे लाइन मॅट्रिक्स आणि पासबुकचे प्रिंटर केले.

डॉट मॅट्रिक्समध्ये अक्षराचा ठसा नसतो. त्याच्या हेडमध्ये उभ्या रांगेत नऊ किंवा चोवीस बारीक तारा असतात. त्यांनाच सगळे पिना म्हणतात. पिनेची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. प्रत्येक पिनेमागे तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. तिच्यात वीज सोडली की विद्युतचुंबक तयार होतो, तो लोखंडाची पट्टी ओढतो आणि पट्टी पिनेला पुढे ढकलते. पिन रिबनवर आदळते, रिबन कागदावर आणि कागद मागच्या रबरी रुळावर. वीज थांबली की स्प्रिंग पिनेला मागे खेचते. जास्त वेगाच्या हेडमध्ये उलटी रचना असते: कायमचा चुंबक एक ताणलेली पट्टी मागे धरून ठेवतो, गुंडाळीतली वीज त्या चुंबकाचा जोर क्षणभर नाहीसा करते आणि पट्टी सुटून पिनेसह पुढे झेपावते. कोणतीही रचना घेतली तरी एक पिन सेकंदाला हजार-दोन हजार वेळा मागेपुढे होते. हेडच्या तोंडाशी या पिना कृत्रिम माणकाच्या छिद्रांतून जातात, कारण साध्या धातूचे छिद्र एवढ्या घर्षणाने लवकर मोठे होईल.

हेड पट्ट्याच्या साहाय्याने डावीकडून उजवीकडे सरकते, आणि अक्षरापाशी थांबत नाही. चालता चालताच पिना सुटतात. इंग्रजीतले एल हे अक्षर काढायचे असेल तर पहिल्या स्तंभात सात पिना एकदम सुटतात, मग पुढच्या चार स्तंभांत फक्त तळाची पिन. पन्नास-साठ ठिपक्यांच्या जागेत कोणते ठिपके काळे करायचे याचे नकाशे प्रिंटरच्या स्मृतीत भरलेले असतात. संगणकाने फक्त अक्षराचा क्रमांक पाठवायचा. सात पिनांच्या जुन्या हेडमध्ये जी, पी, वाय या अक्षरांच्या शेपट्या ओळीखाली उतरू शकत नसत, त्यामुळे ती अक्षरे वर टांगल्यासारखी दिसत. नऊ पिना झाल्यावर हा दोष गेला. चोवीस पिनांच्या हेडमध्ये बारा-बाराच्या दोन रांगा अर्ध्या घराने वरखाली बसवलेल्या असतात. नऊ पिनांत ठिपक्यांमधले अंतर इंचाचा बहात्तरावा भाग, चोवीस पिनांत एकशेऐंशीवा. दोन्ही हेडची उंची मात्र जवळजवळ सारखीच, इंचाच्या आठव्या भागाच्या आसपास.

वेळ वाचवण्यासाठी हेड परतीच्या वाटेवरही छापते. इथे एक ओळखीची अडचण येते. जाताना आणि येताना पट्ट्याचा ताण वेगळा असतो, त्यामुळे खातेवहीच्या उभ्या रेघा एका ओळीत इकडे, दुसऱ्या ओळीत तिकडे अशा दातेरी दिसतात. यंत्र जुने झाले की हा दोष वाढतो. मग दोन्ही दिशांचा मेळ पुन्हा बसवावा लागतो किंवा एकाच दिशेने छापावे लागते, आणि वेग जवळपास निम्मा होतो.

रिबन नायलॉनची, साधारण अर्धा इंच रुंद. डबीत ती घड्या घालून कोंबलेली असते आणि दोन्ही टोके जोडलेली असल्याने सतत फिरत राहते. अनेक डब्यांत जोड देताना तिला अर्धा पीळ दिलेला असतो, म्हणजे एका फेरीत वरची कड आणि पुढच्या फेरीत खालची कड ठोक्याखाली येते आणि झीज सारखी वाटली जाते. शाई तेलकट असते. ती आजूबाजूच्या ओल्या भागातून सुकलेल्या भागात झिरपते, म्हणून फिकी पडलेली रिबन एक-दोन दिवस न वापरता ठेवली तर पुन्हा थोडी गडद उमटते. हेच तेल पिनांना वंगणही देते. अगदी कोरडी पडलेली किंवा कसल्याही शाईत बुडवून काढलेली रिबन चालवत राहणे म्हणजे दोनशे रुपये वाचवून हजारोंचे हेड घालवणे. चांगली रिबन वीस-तीस लाख अक्षरे छापते. डबी तीच ठेवून आतली रिबन तेवढी बदलण्याची पद्धत भारतभर आहे, त्यामुळे पानामागचा खर्च आणखी उतरतो.

कागदाचीही स्वतंत्र व्यवस्था असते. दोन्ही कडांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडलेला, घडीवर घडी घातलेला अखंड कागद दातेरी चाकांवर चढवला जातो. अक्षरे इंचाला दहा आणि ओळी इंचाला सहा, हे टाइपरायटरपासून चालत आलेले माप. त्यामुळे दहा बाय बाराच्या कागदावर ८० रकाने आणि ७२ ओळी बसतात; पंधरा इंची कागदावर १३२ रकाने. दाते भोकांत अडकलेले असल्याने कागद घसरत नाही आणि हजारावे पानही पहिल्या पानाच्या रेषेतच येते. मात्र कोणी मधेच हाताने रूळ फिरवला तर प्रिंटरचा पानाचा हिशेब बिघडतो आणि बिलाची बेरीज फाडायच्या रेषेवर जाऊन बसते.

आता या यंत्राच्या खऱ्या ताकदीकडे. पिनेचा ठोका वरच्या कागदावर थांबत नाही, तो खालच्या कागदांपर्यंत पोहोचतो. पूर्वी मधे कार्बन घालत. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने कार्बनशिवाय प्रत काढणारा कागद बाजारात आणला. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आजही एनसीआर कागद म्हणतात. वरच्या कागदाच्या पाठीवर रंगहीन द्रव्याच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि खालच्या कागदाच्या दर्शनी बाजूवर विशिष्ट मातीचा लेप. पिन आपटली की कुप्या फुटतात, द्रव्य लेपाला लागते आणि रंग उमटतो. पांढरी, गुलाबी, पिवळी अशी बिलांची चळत निघते ती अशी. मूळ प्रत आणि तिच्याखाली तीन-चार प्रती स्पष्ट येतात. त्यानंतर ठोक्याचा जोर कागदांतच जिरतो आणि शेवटच्या प्रतीवर आठ आणि तीन यांतला फरक ओळखणे कठीण होते. कागदांची चळत जाड झाली की हेड मागे घेण्यासाठी बाजूला एक खटका असतो. तो न बदलता जाड चळत घातली तर पिनेचे टोक रिबनमध्ये अडकून वाकते, आणि दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक हेडचे मूळ दुखणे हेच असते.

प्रतींची ही गरज हौसेची नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांतला ४८ वा नियम सांगतो की मालाचे बीजक तीन प्रतींत काढावे: मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदाही मालाची पावती, म्हणजे बाजारातली बिल्टी, तीन प्रतींत काढायला सांगतो, त्यांतली मूळ प्रत माल देणाऱ्याची. हुबळीतून रात्री निघणाऱ्या मालट्रकमध्ये चाळीस-पन्नास व्यापाऱ्यांचा सुटा माल असला तर तितक्याच बिल्ट्या आणि त्यांच्या तिप्पट कागद तयार व्हावे लागतात. लेझरवर तेच पान तीन वेळा छापता येते आणि ते वेळेतही जमते. पण एकाच ठोक्यातून निघालेल्या तीन प्रती एकमेकींपासून वेगळ्या असूच शकत नाहीत, आणि बॉलपेनने केलेली एक सही तिन्हींवर उमटते. तंटा झाला की याला मोल येते.

बँकेत कारण वेगळे आहे. पासबुक हे शिवलेले, घडी पडलेले, कुठे जाड कुठे पातळ असे पुस्तक. ते लेझरच्या तापलेल्या रुळांतून जाऊ शकत नाही. पासबुक प्रिंटर ते सपाट सरकवतो, जाडी स्वतः मोजून हेडचे अंतर बदलतो आणि आधी छापलेल्या ओळीच्या खाली नवी ओळ बसवतो. भारतीय बँकांच्या काउंटरवर ऑलिव्हेटीचा पीआर-२ अनेक वर्षे दिसत आला आहे तो याच कामासाठी. बँकांच्या यांत्रिकीकरणावरच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांत खाती लिहिणारी यंत्रे आली. त्यांनाही ठोक्याचेच प्रिंटर होते. एटीएमचा गुप्त क्रमांक टपालाने पाठवायची पद्धत तर ठोक्यावरच उभी होती. बंद पाकिटाच्या आतल्या बाजूला कार्बनचा लेप असे. प्रिंटरमधली रिबन काढून टाकत आणि पिना कोऱ्या पाकिटावर आपटत. बाहेर काहीच उमटत नसे, आत क्रमांक छापला जाई; छापणाऱ्यालाही तो दिसत नसे.

रेल्वेत संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. खिडकीवर आधी छापून आणलेल्या कोऱ्या तिकिटांची घडी डॉट मॅट्रिक्सवर चढवलेली असे, आणि गाडी सुटण्याआधी प्रवाशांच्या याद्या अखंड कागदावर निघत. डब्याच्या दाराशी खळीने डकवलेल्या त्या यादीत आपले नाव शोधणे हा प्रवासाचाच भाग होता. बेंगळुरू आणि यशवंतपूर या नैऋत्य रेल्वेच्या स्थानकांवर याद्या डकवणे आधी थांबले, आणि मार्च २०१८ पासून देशातल्या मोठ्या स्थानकांवर. नाव फोनवर कळू लागल्यावर कागदाचे ते भेंडोळे नकोसे झाले. यंत्राचा यात दोष नव्हता.

लिपीच्या बाबतीत मात्र दोष यंत्राचाच आहे, आणि मराठी-कन्नड वाचकाला तो सर्वांत जास्त जाणवतो. डेझी व्हीलच्या चकतीवर शंभराच्या आत पाकळ्या. देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा, रफार त्यांत बसवणे अवघडच. डॉट मॅट्रिक्समध्ये ठिपक्यांनी कोणताही आकार काढता येतो, पण नऊ ठिपक्यांच्या उंचीत. इंग्रजी अक्षराला ती पुरते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी आणि रफार, मधे अक्षराचे अंग, खाली उकार, असे तीन मजले असतात. साधे हुबळी लिहायचे तरी पहिल्या अक्षराला खाली जागा हवी आणि शेवटच्याला वर. वर दोन, खाली दोन ठिपके दिले तर अंगाला पाच उरतात, आणि पाच ठिपक्यांत क्ष, ज्ञ किंवा द्ध ओळखू येत नाहीत. कन्नडमध्ये शिरोरेखा नाही, पण गोलाई फार, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो. हुब्बळ्ळी या नावात तो दोनदा उतरतो.

उपाय असा होता की अक्षराचा क्रमांक न पाठवता संगणकाने अक्षराचे चित्रच पाठवायचे आणि हेडने एकाच ओळीवरून दोन-तीन फेऱ्या मारायच्या. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान याच वाटेने भारतीय लिप्या पडद्यावर व कागदावर आणत असे. किंमत वेगात मोजावी लागे. एक ओळ तीन फेऱ्यांत म्हणजे वेळ तिप्पट. शिवाय शिरोरेखा ही सलग आडवी रेघ आहे. ती काढताना एकाच उंचीवरची पिन प्रत्येक स्तंभात सुटावी लागते, आणि मागच्या ठोक्यातून परत यायला पिनेला लागणारा वेळ ठरलेला असल्याने हेडला सावकाश चालावे लागते. चोवीस पिनांनी अक्षर वाचनीय केले, तरी देवनागरी पान इंग्रजी पानाच्या वेगाने कधीच निघाले नाही. सरकारी कचेऱ्यांत मराठी आणि कन्नड छपाई लेझरकडे लवकर वळली यामागे हेही एक कारण मानायला हरकत नाही.

चित्राची ही अडचण विंडोजमुळे इंग्रजीलाही लागली. विंडोज पान बहुधा चित्र म्हणूनच पाठवते आणि एरवी सरसर छापणारा प्रिंटर रांगू लागतो. म्हणून हिशेबाच्या प्रोग्रॅमांनी जुनी वाट उघडी ठेवली. १९८६ मध्ये बेंगळुरूत जन्मलेल्या टॅलीत डॉट मॅट्रिक्ससाठी वेगळा छपाई प्रकार आहे. तो निवडला की फक्त अक्षरांचे क्रमांक जातात आणि आकार प्रिंटर स्वतःच्या स्मृतीतून काढतो. अडत दुकानात वर्षानुवर्षे तीच जुनी बिलाची चौकट दिसते ती केवळ आळसामुळे नव्हे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. भरलेल्या पानात ८० रकाने आणि ७२ ओळी धरल्या तर ५,७६० अक्षरे होतात. सेकंदाला २०० अक्षरे छापणारे यंत्र त्याला जवळपास अर्धा मिनिट घेते. सुबक अक्षराची निवड केली आणि वेग सेकंदाला ७० अक्षरांवर आला तर सव्वा मिनिटाहून जास्त. मिनिटाला वीस पाने देणारा साधा लेझर तीन सेकंदांत मोकळा होतो. पिनेचे वस्तुमान, स्प्रिंगचा ताण, परतीचा वेळ यांची मर्यादा इलेक्ट्रॉनिक्सने ओलांडता येत नाही. पानाच्या रुंदीभर पसरलेली हातोड्यांची संपूर्ण पट्टी डावी-उजवीकडे हलवणारे लाइन मॅट्रिक्स मिनिटाला शेकडो ओळी छापतात, पण ते कपाटाएवढे आणि महाग.

आवाजाचे तसेच. ५० ते ६० डेसिबलचा करकरता आवाज शांत खोलीत असह्य होतो. काचेची किंवा फोमची पेटी घालून तो कमी करता येतो, बंद करता येत नाही, कारण छपाई म्हणजेच आपटणे. उष्णता हा त्याचा जोडीदार. काळा पट्टा किंवा भरलेले कोष्टक छापताना सगळ्या गुंडाळ्या सतत वीज घेतात आणि हेड हात लावू नये इतके तापते. त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमची पाती आणि आत तापमान मोजणारा घटक असतो. ठरावीक तापमानाला यंत्र आपणच वेग कमी करते किंवा थोडे थांबते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोदामात प्रिंटर मधेच अडखळतो तेव्हा तो बिघडलेलाच असतो असे नाही.

रंग आणि छायाचित्रे ही या यंत्राची वाट नव्हे. चार पट्ट्यांची रंगीत रिबन निघाली होती. पिना काळ्यावरून पिवळ्यावर येताना काळी शाई घेऊन येत आणि काही दिवसांत पिवळा मातकट होई. ठिपका एकतर आहे किंवा नाही, फिकट ठिपका काढता येत नाही. त्यामुळे करड्या छटा दूरदूर ठिपके टाकूनच दाखवाव्या लागतात आणि पानावर आडव्या रेघांचे पट्टे पडतात.

झिजेचे चिन्ह सर्वांच्या परिचयाचे आहे: एक पिन तुटली की पानावरच्या प्रत्येक अक्षरातून एकाच उंचीवर पांढरी रेघ जाते. पिनेचे आयुष्य वीस-तीस कोटी ठोक्यांच्या घरात सांगतात. ते आकड्याने मोठे वाटते, पण सतत चालणाऱ्या काउंटरवर काही वर्षांत संपते. मधली पिन गेली तर आठाचा शून्य वाटू शकतो, आणि बिलावर ही चूक साधी नसते. तरी या यंत्राची एक गोष्ट मान्य करावी लागते. कापसाच्या तुसात आणि मिरचीच्या पुडीत ते चालते, दुरुस्ती गावातच होते आणि रिबन संपत आल्याचे अक्षर फिके पडत जाऊन आधी कळते. लेझरमध्ये धूळ शिरली तर प्रत्येक पानावर डाग येतात.

छोट्या पावत्यांत ठोक्याची जागा थर्मलने घेतली आहे. हुबळीत मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसमधले तिकीट, दुकानातले बिल, एटीएमची चिठ्ठी या सगळ्यांत आवाज नाही, रिबन नाही, वेग भरपूर. पण हा कागद ऊन, उष्णता आणि प्लास्टिकच्या पाकिटाच्या संपर्काने फिका पडतो. जीएसटीचा कायदा हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगतो. तेवढ्या काळात थर्मल बिल कोरे होऊ शकते. रिबनची शाई कागदाच्या तंतूंत दाबलेली असल्याने जुन्या बिलावर ती वाचता येते, आणि शाई पुसट झाली तरी ठोक्याचा खळगा तिरप्या उजेडात दिसतो.

ठोक्याच्या छपाईला खरे आव्हान दुसऱ्या प्रिंटरपेक्षा नियमांतल्या बदलाने दिले. ५० हजार रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून राज्याराज्यांतल्या वाहतुकीला लागू झाले. राज्याच्या आतल्या वाहतुकीलाही ते त्याच दिवशी लावणारे पहिले राज्य कर्नाटक. चालकाकडे या बिलाचा नुसता क्रमांक असला तरी तपासणी होऊ शकते. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बीजक, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाले आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर आली. असे बीजक तीन प्रतींच्या अटीतून वगळले आहे. त्यावरचा चौकोनी क्यूआर कोड छापायला बारीक ठिपके लागतात, आणि नऊ पिनांवर तो नीट वाचला जाईलच असे नाही. अमरगोळच्या आवारात आणि हुबळीच्या ट्रान्सपोर्ट गल्ल्यांत पाच कोटींच्या आतल्या उलाढालीचे व्यापारी भरपूर आहेत. त्यांना मालाच्या बीजकाच्या तीन प्रती आजही काढाव्या लागतात, लेझरवर तीन वेळा छापून किंवा पिनांखाली एकदाच.